पदकाच्या अलीकडचा यशवंत

नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात कामी आला. जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव, जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. तेवीस वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले होते. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं म्हणून त्याचं नाव राहिलं. या पुस्तिकेत त्याची हकिगत आहे आणि ती जव्हार-मोखाड्याच्या वाचकांसाठी, त्यातही आश्रमशाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलामुलींसाठी आहे.

माणगावचा शिपाई जव्हारात कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. मधे अख्खा ठाणे जिल्हा पडतो. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली.

आधी त्या दिवसाचं सांगतो. ४ जून १९४४ला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आलं. जर्मन फौज उत्तरेकडे हटत होती, पण पळत नव्हती. एक टेकडी धरायची, समोरच्याला दोन-चार दिवस अडवून त्याची माणसं खर्ची पाडायची, मग रातोरात मागच्या टेकडीवर जायचं, असा तो प्रकार होता. भारतीय दहावी डिव्हिजन या खोऱ्यातून वर सरकत होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन होती. सह्याद्रीत वाढलेल्या पोराला तिथले चढ, ओढे आणि डोंगराच्या माथ्यावर वसलेली गावं अगदीच परकी वाटली नसावीत. भाताच्या खाचरांऐवजी द्राक्षं आणि ऑलिव्हची झाडं, एवढा फरक.

बटालियनच्या एका कंपनीने शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर हल्ला केला. यशवंत नाईक होता, म्हणजे दोन फितींचा, एका रायफल सेक्शनचा प्रमुख. सेक्शन म्हणजे जेमतेम दहा माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याची सगळी माणसं पडली, काही ठार, काही जखमी. उभा राहिला तो एकटाच. मागून कुणी येणार नाही हे ठाऊक असताना तो सरळ त्या मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. दुसऱ्याला टॉमी गनने गोळी घातली. गोळ्या संपल्या आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केलं. ठाणं हाती आलं. तेवढ्यात दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात तो मेला.

ही हकिगत आपल्याकडे सांगताना बहुतेक जण शेवटचा भाग गाळतात. बंदूक हातात, डोळ्यांत अंगार, मागे तिरंगा, असं कॅलेंडरवरचं चित्र उभं करतात. तिरंगा तर तिथे नव्हताच. त्याच्या खांद्यावर ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेची खूण होती. आणि बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारणं हे कॅलेंडरवर बसणारं चित्र नव्हे. ते समोरासमोर, हाताच्या अंतरावर झालं. मेलेले दोघेही बहुधा त्याच्याच वयाचे असतील; युद्धं विशीतली मुलंच लढतात. मुलांच्या पुस्तकात हे कशाला, असा आक्षेप येईल हे मला दिसतं आहे. माझं म्हणणं उलट आहे. यशवंतचं शौर्य सांगायचं आणि त्याची किंमत लपवायची, ही मुलांची फसवणूक आहे. तो शूर होताच. पण जे त्याला करावं लागलं ते भयंकर होतं, आणि एकाला झाकून दुसरं सांगता येत नाही.

मी त्याला एकेरीत संबोधतो आहे. माणगावकडे त्याचं नाव आदराने, ‘शहीद’ लावूनच घेतात आणि ते बरोबरच आहे. पण बावीस वर्षांचा मुलगा माझ्या लेखणीतून ‘घाडगेसाहेब’ म्हणून उतरत नाही. घरात तो यशवंतच असणार.

घरातला हा यशवंत कागदावर मात्र जवळजवळ नाही. पदकासोबतच्या गौरवपत्रात जे आहे ते फार तर काही मिनिटांचं आहे. त्याच्या अलीकडची बावीस वर्षं त्यात नाहीत. त्या भागातली पोरं पलटणीत का जात, हे मात्र सांगता येतं, कारण ते एकट्याचं नाही. माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात पावसावरचं एकच पीक, भाताचं. चार भावांत वाटली तर पुरत नाहीत एवढीशी खाचरं. रोकड पैसा घरात यायला दोनच वाटा: मुंबईची गिरणी नाही तर पलटण. गिरणीत गेलेला होळी-गणपतीला घरी येई. पलटणीतल्याची मनिऑर्डर येई. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांपर्यंत गेली आणि ती सगळी स्वेच्छेने भरती झालेली होती, हे अभिमानाने सांगितलं जातं. स्वेच्छा खरीच. पण रिकाम्या कणगीसमोर बसून घेतलेला निर्णय किती स्वेच्छेचा असतो, हे जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. दिवाळी सरली की इथली कुटुंबं बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघतात, तीही स्वेच्छेनेच.

ज्या बटालियनमध्ये यशवंत होता तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पलटणीतला शिपाई नुसत्या पगारासाठी मशीनगनवर धावत नाही. १९२२च्या फेररचनेआधी या बटालियनला ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणत. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. कुट-अल-अमारा इथे तुर्कांनी तिला इतर पलटणींसोबत वेढलं. पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि कैदेत गेलेल्यांपैकी कितीतरी परत आलेच नाहीत. पुढे १९४१मध्ये हीच बटालियन एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर लढली. स्वातंत्र्यानंतर तिचं पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमध्ये रूपांतर झालं. आज ती विशेष दलात मोडते. शिपाई रात्री शेकोटीभोवती ऐकतो ते हे. वडिलांच्या पिढीने वाळवंटात काय सोसलं, थोरल्या भावाच्या पिढीने कुठली टेकडी घेतली. सेक्शन पडल्यावर एकट्याने पुढे जाणाऱ्याच्या मनात काय असतं ते तोच जाणे, पण तो एकटा जात नाही एवढं नक्की.

आता त्या प्रश्नाकडे येतो, जो कुठल्याही सत्कारसभेत कुणी उच्चारत नाही. हे युद्ध कोणाचं होतं?

यशवंत ज्या काळात ब्रिटिशांच्या गणवेशात होता त्याच काळात त्याच्याच मुलखात दुसरी लढाई पेटली होती. माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण कोटवालांनी, आपण ज्यांना भाई कोटवाल म्हणतो त्यांनी, १९४२च्या चळवळीत भूमिगत दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना आणि हिराजी पाटलांना गोळ्या घातल्या. कोटवाल तीस वर्षांचे होते. त्यानंतर दीड वर्षाने यशवंत इटलीत कामी आला. दोघांच्या गावांत फार अंतर नाही. एक इंग्रजांविरुद्ध लढताना इंग्रजांच्या पोलिसांकडून मारला गेला, दुसरा इंग्रजांच्या बाजूने लढताना जर्मनांकडून. आणखी सव्वा वर्षाने, ऑक्टोबर १९४५मध्ये, आपल्याच डोंगराच्या पायथ्याशी तलवाड्याला वेठबिगारीविरुद्ध जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण ठार झाले. गोदावरी परुळेकरांनी तो सगळा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवला नसता तर जेठ्याचं नावही आज कुणाला माहीत नसतं.

तिघांना एकाच माळेत ओवायचा माझा हेतू नाही. कोटवाल आणि जेठ्या गांगड ज्यासाठी मेले ते आपलं होतं, हे मला स्पष्ट वाटतं. यशवंतचं तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. साम्राज्याच्या फौजेत होता म्हणून त्याला दूर ठेवणारे आहेत. फॅसिझमविरुद्ध लढला म्हणून त्याला थेट जगाच्या मुक्तीचा शिलेदार करणारेही आहेत. मुसोलिनी आणि हिटलरची सत्ता मोडली हे जगाचं भलंच झालं, त्यात त्याचा वाटा आहे, एवढं मी मानतो. पण भरतीच्या दिवशी पळसगावच्या मुलाने युरोपच्या राजकारणाचा विचार केला असेल असं समजणं म्हणजे आपलं ओझं त्याच्या पाठीवर लादणं आहे.

यशवंतसोबत आणखी एकाचं नाव घ्यायला हवं. नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, त्याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा शिपाई. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीच्या काठी त्याने जखमींना सुरुंग पेरलेल्या जागेतून पाठीवर वाहून आणलं, मग मशीनगनची ठाणी एकामागोमाग मोडली. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१चा, म्हणजे यशवंतहून दोन दिवसांनी धाकटा. पण नामदेव वाचला. परत आला, आणि १९८४पर्यंत जगला. त्याला विचारता येत होतं. भीती वाटली का, घरची आठवण आली का, पाठीवरचा माणूस काय म्हणत होता, हे सांगायला तो होता. यशवंतच्या वाट्याला ही चाळीस वर्षं आली नाहीत. त्याचं पदक त्याच्या पत्नीच्या हाती पडलं. तरुण मरणाऱ्या सैनिकाबद्दल आपण नेहमी त्याने काय दिलं ते बोलतो. त्याचं काय राहिलं, ते नामदेवच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांच्या आसपास भारतीय सैनिक लढले. ५,७८२ जण मेले आणि इटलीभर चाळीस राष्ट्रकुल युद्धस्मशानांत त्यांच्या खुणा आहेत. त्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. यशवंतचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ज्यांची अखेरची जागा ठाऊक नाही अशा चार हजारांहून अधिक माणसांची नावं तिथे कोरली आहेत. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्याचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावाने त्याच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्या स्मारकासाठी निवडलं आहे. हे गाव टायबरच्या त्याच खोऱ्यात आहे. आपल्या टेकड्यांवर येऊन मेलेल्या परक्या मुलाला ऐंशी वर्षांनंतर तिथल्या नगरपालिकेने आठवावं, याचं मला कौतुक वाटतं आणि थोडी लाजही. आपल्याकडे तालुक्याबाहेर त्याचं नाव विचारून पाहा.

इथे मी जव्हार-मोखाड्याकडे येतो.

लढाईशी या मुलखाचा संबंध जुना आहे. जव्हारचं मुकण्यांचं महादेव कोळी राज्य चौदाव्या शतकापासून टिकलं. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले ही आठवण इथलं पोरही सांगतं. १८५७च्या धामधुमीत शेजारच्या पेठ-हरसूलच्या रानात उठाव झाला. त्याच सुमारास कॅप्टन नटॉलने नगर-नाशिकच्या डोंगरांत महादेव कोळ्यांची पलटण उभारली. ती वाढत वाढत सहाशेपर्यंत गेली आणि १८६१मध्ये, काम संपलं म्हणून, मोडून टाकली. डोंगर कोळून प्यायलेली माणसं डोंगर शांत करायला वापरायची आणि मग घरी पाठवायची, असा तो हिशेब. पुढे सरकारने ‘लढवय्या जाती’ ठरवल्या, त्यात कोकणातला आणि घाटावरचा मराठा बसला. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी यांना त्या यादीत जागा नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे हवाई दलात अधिकारी होते. त्यांच्या प्रजेतला माणूस मात्र बहुतेक रान तोडण्यात, कोळसा पाडण्यात आणि दुसऱ्याच्या शेतावर राबण्यात होता. मोखाडा तर संस्थानातही नव्हता. तो ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यातला, शहापूर तालुक्याचा एक पेटा, म्हणजे पोटविभाग. म्हणजे हाकेच्या अंतरावरच्या दोन गावांच्या नोंदी दोन वेगवेगळ्या दप्तरांत. ज्याला या भागातल्या माणसांचा माग काढायचा आहे त्याला हे आधी समजून घ्यावं लागतं.

पण यादीत नव्हते म्हणून कुणीच गेले नाहीत, असं मी मानत नाही. फौजेला नुसते बंदूकवाले लागत नाहीत. रस्ते खणणारे, ओझी वाहणारे, खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, भंगी, धोबी, सगळे लागतात, आणि तेही बॉम्बखाली मरतात. त्यांना पदक नसतं, म्हणून त्यांच्यावर गौरवपत्रही नसतं. कोकणात आणि सातारा भागात कितीतरी गावांत संगमरवरी पाटी दिसते: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके मेले. आकडा असतो, नावं नसतात. पाड्यांवर तर आकडाही लागला नाही. आणि स्वातंत्र्यानंतरचा काळ वेगळा आहे. आता भरतीच्या मैदानावर जातीची यादी नाही. आपल्या आश्रमशाळांतली मुलं पहाटे डांबरी सडकेवर पळताना दिसतात, ती पोलीस आणि लष्कर भरतीसाठीच.

आपल्याकडे माणसाची आठवण ठेवायची रीत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. मेलेल्या माणसाचा वीर मांडणं, लाकडावर नाही तर दगडावर घोडेस्वार, वर चंद्र-सूर्य कोरणं, हे या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. घाटावरचे वीरगळ राजासाठी किंवा गाईगुरांसाठी लढून पडलेल्यांचे; इथे तो मान साध्या माणसालाही मिळतो. घोडा त्याने आयुष्यात पाहिलाही नसेल, पण मेल्यावर तो घोड्यावर बसतो. मला हे कॅसिनोच्या भिंतीपेक्षा मोठं वाटतं. त्यात उणीव एकच आहे. वीर कोणाचा हे घरातल्यांनाच माहीत असतं आणि सांगणारं माणूस गेलं की फळीवरचा स्वार अनामिक होतो.

माणगावचा यशवंत आपल्याला इथे उपयोगी पडतो तो याचसाठी. त्याच्या निमित्ताने एका सैनिकाचं आयुष्य कुठे कुठे नोंदलं जातं आणि कुठे नोंदलं जात नाही, ते नीट दिसतं. पलटणीच्या दप्तरात तारीख, हुद्दा आणि लढाई सापडते. युद्धस्मशानाच्या नोंदवहीत नाव आणि जागा सापडते. आई त्याला काय म्हणत होती, पोहायला कुठल्या डोहात जायचा, पहिला पगार कशावर खर्च केला, पत्र कोण वाचून दाखवायचं, हे कुठल्याच दप्तरात नसतं. ते गावात असतं, आणि गावात फार दिवस राहत नाही. पळसगावात १९४४ साली ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्यांच्यापैकी आता कोण उरलं असणार? तेव्हा विचारलं असतं तर मिळालं असतं, असं पुष्कळ काही गेलं. पुस्तिकेत त्याचं बालपण रंगवण्याचा मोह त्यामुळेच टाळला आहे. माहीत नाही तिथे पान मोकळं ठेवलं आहे. गोष्ट रंगवून सांगणारे लेखक मला आवडतात, पण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घालणारे नाहीत.

शिक्षकांना आणि मुलांना विनंती आहे. यशवंतची हकिगत वाचून झाली की पुस्तिका मिटून ठेवू नका. आपल्या गावात, शेजारच्या पाड्यात पलटणीत गेलेलं, युद्धात किंवा सीमेवर मेलेलं, किंवा लढून परत आलेलं कुणी आहे का, ते विचारा. म्हातारी माणसं आधी. त्यांच्याकडे दुपारी जा, रात्री ती लवकर निजतात. पूर्ण नाव, आई-वडिलांचं नाव, पाडा, पलटण, नंबर माहीत असेल तर नंबर, कोणत्या साली गेला, परत आला की नाही, आणि हे कोणी सांगितलं, एवढं लिहून घ्या. फोटो असेल तर मागू नका, तिथेच मोबाइलवर त्याचा फोटो काढा. मागून नेलेले फोटो परत जात नाहीत. महायुद्धातल्या मृतांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत फुकट शोधता येतात, आणि पुष्कळ नोंदींत बापाचं व गावाचं नावही मिळतं. गावांची नावं इंग्रजी लिपीत वेडीवाकडी लिहिलेली असतात, तेव्हा चार-पाच तऱ्हांनी शोधा. नंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. शेवटची पानं यासाठीच कोरी सोडली आहेत. ती भरली की शाळेत एक प्रत ठेवा आणि एक ज्यांच्या घरचा माणूस असेल त्यांना द्या.